मालवणच्या किनाऱ्यावर सहकुटुंब तंबूत मुक्काम आणि सिंधुदुर्ग दर्शन : मे महिन्यातील नियोजनाबाबत

प्रश्न : कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. येत्या मे महिन्यात आम्ही घरातील सात जण चार रात्रींसाठी मालवण परिसरात येण्याचे ठरवत आहोत. मी, माझी पत्नी, धाकटी बहीण, सहा, नऊ आणि तेरा वर्षांची तीन मुले आणि एकाहत्तर वर्षांची आई असा परिवार आहे. सिंधुदुर्ग किल्ल्यावरील शिवराजेश्वराचे, म्हणजे तेथील मंदिरातल्या शिवाजी महाराजांच्या मूर्तीचे, दर्शन घ्यावे ही आईची फार जुनी इच्छा आहे. मुलांना मात्र हॉटेलच्या खोलीत न राहता तंबूतच राहायचे आहे, आणि त्यांनी चार दिवस तरी उघड्या हवेत काढावेत असे मलाही मनापासून वाटते. आमच्याकडे चार माणसांचे दोन तंबू आहेत. ते आम्ही आजवर सह्याद्रीच्या कुशीत आणि थंडीच्या दिवसांतच वापरले आहेत. समुद्रकिनारी, भर उन्हाळ्यात ते कधी लावलेले नाहीत.

मुलांचे शिबिर 22 मे रोजी संपत असल्यामुळे 24 तारखेला निघावे आणि तारकर्ली किंवा देवबागच्या वाळूवर, समुद्र डोळ्यांसमोर राहील अशा जागी तंबू लावावेत, असा माझा विचार आहे. किल्ला पाहण्यासाठी दिवसातील कोणती वेळ बरी, आईला होडीत चढता-उतरताना त्रास होईल का, मुलांना समुद्रात कुठे उतरू द्यावे आणि स्वयंपाकाची सोय आपण स्वतः करावी की जवळच्या घरी सांगावे, याविषयी माहितगारांनी मार्गदर्शन करावे. येताना राधानगरीवरून फोंडा घाट उतरून कणकवलीमार्गे गाडीने येणार आहोत.

प्रतिसाद : वायरीकर (मालवण)

नमस्कार. आपल्या बेतातील तारीख आधी बदला, असे मी आग्रहाने सांगेन. पावसाळ्यासाठी किल्ल्याकडे जाणारी प्रवासी होडी वाहतूक आणि समुद्रातील सर्व जलक्रीडा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बंद होतात आणि त्या सप्टेंबरमध्येच पुन्हा सुरू होतात. आपण 24 तारखेला निघालात, तर आईंना जेट्टीवर उभे राहून समोरचा किल्ला नुसता पाहावा लागण्याची शक्यता बरीच आहे. शिवाय 2025 साली मोसमी पाऊस 25 मे रोजीच दक्षिण कोकणात येऊन थडकला होता. तो दरवर्षी इतक्या लवकर येत नाही हे खरे असले, तरी वळवाच्या सरी आणि त्यांच्यासोबत येणारा सोसाट्याचा वारा यांचा भरवसा मेच्या उत्तरार्धात कोणीच देऊ शकत नाही. शाळांच्या परीक्षा संपल्यानंतरचा एप्रिलचा शेवट किंवा मेचा पहिला आठवडा निवडावा. मुलांचे शिबिर त्याच्या मागेपुढे करता आले तर उत्तम.

आता जागेविषयी. तंबूची जागा समुद्र कुठून दिसतो यावरून ठरवण्याची बहुतेकांची रीत असते. आमच्या किनाऱ्यावर मे महिन्यात ती विहिरीवरून ठरवावी लागते. इथली जमीन वाळूची. पावसाळ्यात मुरलेले गोडे पाणी वजनाने हलके असल्यामुळे जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर थर धरून राहते आणि किनाऱ्यालगतच्या विहिरींना वर्षभर तेच पाणी पुरते. उन्हाळ्यात हा थर पातळ होत जातो, त्यातच पर्यटकांच्या गर्दीमुळे दिवसभर पंप चालू राहतात, आणि मग खालचे खारे पाणी वर सरकून विहीर मचूळ होते. असे पाणी आंघोळीला चालते, पण त्यात साबणाला फेस धरत नाही, डाळ शिजता शिजत नाही आणि लहान मुले ते पाणी पिण्याचे टाळून उन्हात कोरडीच हिंडतात. म्हणून जागा पाहायला आलात की विहिरीचे पाणी सकाळी नव्हे, संध्याकाळी पंप चालून गेल्यावर चाखून पाहा. रात्रभर विसावलेली विहीर सकाळी गोडच लागते.

यामुळे माझा सल्ला असा की पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, तंबू लावू नयेत आणि किनाऱ्यापासून थोडे आत, एखाद्या घरगुती निवासाच्या खळ्यात जागा मागावी. वायरी, तारकर्ली, तोंडवळी, आचरा या गावांत घरोघर अशी सोय होते आणि तंबू आपला असेल तर मालक केवळ जागेचे, पाण्याचे आणि स्वच्छतागृहाचे पैसे घेतात. खळे म्हणजे घरापुढचे शेणाने सारवलेले अंगण. त्यावर उन्हाळ्यात माडाच्या विणलेल्या झापांचा मांडव असतो आणि त्याखाली भर दुपारीदेखील बसवते. कापडाचा तंबू उन्हात तापला की आतली हवा कोंडते. झापांमधून वारा खेळत राहतो. घरच्या बाईंना आदल्या दिवशी सांगून ठेवले तर सकाळी घावणे किंवा आंबोळी, दुपारी माशाचे सार, भात आणि सोलकढी असे जेवण मिळते. सात माणसांचा स्वयंपाक या उकाड्यात तंबूपुढे करत बसण्याचा हट्ट धरू नये. आपल्या घरातील दोघी जणींनाही चार दिवसांची सुट्टीच हवी असणार.

तंबू माडाखाली कधीही लावू नका. सुकलेली झावळी आणि पिकलेला नारळ खाली येण्यापूर्वी सूचना देत नाहीत. आंब्याची आणि काजूची सावली गर्द असते, परंतु पाने जोडून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या वर आहेत का, हे आधी नीट पाहून घ्यावे.

प्रतिसाद : पुळणवेडा (पुणे)

वायरीकरांच्या अनुभवाचा आदर ठेवून मी थोडे वेगळे मत मांडतो. मुलांना समुद्राच्या गाजेवर झोपायचे असेल, तर खळ्यातला तंबू त्यांना घरापुढच्या अंगणासारखाच वाटेल. देवबाग ही एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेली जमिनीची चिंचोळी पट्टी आहे, आणि पहाटे नदीच्या बाजूला सूर्य उगवताना आणि संध्याकाळी समुद्राच्या बाजूला मावळताना एकाच मुक्कामावरून पाहण्याचे भाग्य महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी लाभते. चारपैकी निदान एक रात्र तरी वाळूच्या अगदी कडेला, जमीनमालकाची रीतसर परवानगी घेऊन, खासगी जागेत काढावी असे मी सुचवेन.

वाळूत नेहमीच्या खुंट्या धरत नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवावे. कापडी पिशव्या घेऊन जाव्यात, त्यांत ओली वाळू भरून तोंड बांधावे, दोर त्या गाठीला बांधून पिशवी हातभर खोल पुरावी आणि वरची वाळू पायांनी दाबून घट्ट करावी. मग वारा कितीही सुटला तरी दोर ढिला पडत नाही. तंबूचे वरचे पावसाळी कापड रात्री काढून ठेवावे आणि केवळ आतल्या जाळीत झोपावे. मे महिन्यात रात्रीचा पारासुद्धा 26 ते 27 अंशांच्या खाली क्वचितच जातो आणि हवेतील दमटपणामुळे तो त्याहून अधिक भासतो. त्यामुळे चहूबाजूंनी बंद असलेल्या तंबूत लहान मूल शांत झोपूच शकत नाही.

प्रतिसाद : गडवाट (कुडाळ)

मुक्कामाचा प्रश्न वरील दोघांवर सोपवून मी किल्ल्याविषयी सविस्तर लिहितो, कारण आपल्या आईंची इच्छा हा या प्रवासाचा गाभा आहे असे मला वाटते.

सिंधुदुर्गाची पायाभरणी 25 नोव्हेंबर 1664 रोजी मालवणसमोरील कुरटे बेटावर झाली. किल्ल्यावर जाण्याआधी मालवणच्या किनाऱ्यावरील मोरयाचा धोंडा मुलांना आवर्जून दाखवा. या खडकावर गणपती, सूर्य आणि चंद्र कोरलेले आहेत आणि शिवाजी महाराजांनी पायाभरणीची पूजा इथेच केली असे परंपरा सांगते. या खडकापाशी उभे राहून समोर पाहिले की बेटाची निवड किती विचारपूर्वक झाली ते कळते. किल्ल्याभोवती पाण्याखाली आणि पाण्यालगत खडकांची रास आहे, त्यांमधून होडी नेण्याची वाट माहितगार खलाशालाच ठाऊक असते, आणि समुद्रातून येणाऱ्या शत्रूच्या मोठ्या जहाजाला ती ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. होडीत बसल्यावर नऊ आणि तेरा वर्षांच्या मुलांना आपला खलाशी सरळ न जाता वळणे का घेतो, एवढाच प्रश्न विचारा. त्याचे उत्तर त्यांना पुढे कुठल्याही पाठ्यपुस्तकाशिवाय आठवेल.

बेटाचा विस्तार सुमारे 48 एकर आहे आणि नागमोडी तटाची लांबी तीन किलोमीटरच्या आसपास भरते. त्यामुळे सगळा तट सगळ्यांनी मिळून चालण्याचा आग्रह धरू नये. महादरवाजा बुरुजांच्या वळणात असा दडवलेला आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसतच नाही. आत गेल्यावर शिवराजेश्वराचे मंदिर फार दूर नाही. हे मंदिर राजाराम महाराजांनी बांधले असे सांगतात, आणि येथील शिवाजी महाराजांची बैठी मूर्ती दाढीविरहित आणि नावाड्यासारखी टोपी घातलेली असल्यामुळे इतर सर्व प्रतिमांहून वेगळी आहे. प्रवेशद्वाराजवळच्या घुमट्यांत चुन्यात उमटवलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे जपलेले आहेत. आईंनी एवढे दर्शन घ्यावे, सावलीला बसावे, आणि तोवर तुमच्यापैकी एकाने मुलांना तटावर फिरवून आणावे.

वायरीकरांनी विहिरीचा विषय काढला आहे, तो किल्ल्यावर पुढे नेण्यासारखा आहे. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींचे पाणी चहूकडे खारा समुद्र असूनही गोडे आहे. बेटावर मुरलेल्या पावसाचे हलके पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, हेच त्याचे कारण आहे. तुमच्या मुक्कामाची विहीर आणि महाराजांच्या शिबंदीची विहीर एकाच नियमाने चालते, हे मुलांना दोन्ही ठिकाणी पाणी दाखवून समजावता येईल. गोड्या पाण्यावाचून बेटावरचा किल्ला काही आठवडेसुद्धा लढवता आला नसता, म्हणून बेटाच्या निवडीत खडकांइतकाच या पाण्याचाही वाटा मोठा होता असे मी मानतो. किल्ल्यावर आजही काही कुटुंबे राहतात. तेथील घरांच्या आणि विहिरींच्या परिसरात वावरताना आपण कोणाच्या तरी दारात आहोत याचे भान मुलांना आधीच द्यावे.

वेळ निवडण्यासाठी पंचांग जवळ ठेवा. कोकणातले जुने मच्छीमार तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढतात : अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी, पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा सुरू होते आणि वेळेत अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, तरी बेत आखण्याला हा हिशेब पुरेसा आहे. ओहोटीला जेट्टीची पायरी आणि होडीचा काठ यांत अंतर पडते आणि खालच्या पायऱ्यांवरचे शेवाळ उघडे पडते. म्हणून आईंच्या दृष्टीने पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे दिवस सोयीचे. त्या दिवसांत सकाळी आठ-नऊ वाजता पाणी चढते असते, होडी पायरीच्या बरोबरीला येते आणि ऊनही अजून चटका देत नसते. मंदिरात पादत्राणे काढावी लागतात आणि अकरानंतर फरशी भाजते, तेव्हा आईंसाठी जाड मोज्यांचा एक जोड पिशवीत असू द्यावा.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून ज्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, त्यांत सिंधुदुर्गासोबत विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्गही आहेत. तेव्हापासून या किल्ल्यांविषयीचे कुतूहल वाढले आहे, त्यामुळे सुट्टीच्या दिवसांत सकाळची पहिली होडी गाठणे हाच गर्दी टाळण्याचा उपाय आहे.

प्रतिसाद : सायली_मिरज

मी परिचारिका आहे, त्यामुळे केवळ आईंविषयी लिहिते. त्यांना रक्तदाबाची किंवा लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल, तर दमट उन्हात घाम आणि गोळी मिळून अंगातील पाणी लवकर कमी होते आणि उभे राहताना चक्कर येते. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना प्रवासाची कल्पना द्यावी, आणि तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी देत राहावे. रात्री त्यांना तंबूत वाकून शिरावे-निघावे लागू नये यासाठी त्यांची झोप घरातल्या खोलीत किंवा पडवीत खाटेवर मच्छरदाणी लावून करावी. स्वच्छतागृह तिथून जवळ असावे. सकाळी चपला घालण्यापूर्वी त्या सर्वांनीच उलट्या करून झटकाव्यात, कारण विंचवांना अंधारी जागा आवडते.

कृष्णाकाठ (सांगली)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. तारीख मेच्या पहिल्या आठवड्यावर आणण्याचे घरात मान्य झाले आहे आणि आई खोलीत, आम्ही खळ्यात, असेही ठरते आहे. दोन शंका उरल्या आहेत. पुळणवेडा यांनी सुचवल्याप्रमाणे एक रात्र वाळूच्या कडेला काढायची झाल्यास सुरूच्या बनात शेकोटी पेटवता येईल का? आणि मुलांना देवबागच्या संगमावर पाण्यात उतरवणे सुरक्षित आहे का?

प्रतिसाद : वायरीकर (मालवण)

संगमावर मुळीच उतरवू नका. नदीचे पाणी आणि समुद्राची भरती-ओहोटी जिथे एकमेकांना भिडतात तिथली वाळू रोज जागा बदलते, आणि ओहोटी लागली की नदीचे पाणी ज्या ओढीने बाहेर जाते तिच्यापुढे पट्टीच्या पोहणाऱ्याचेही काही चालत नाही. संगम होडीतून पाहावा, अंगात जीवरक्षक जाकीट घालून पाहावा. तोही आनंद कमी नाही. पाण्यात खेळायचे तर तारकर्लीला जीवरक्षक नेमलेले असतात त्या टप्प्यात, पाणी भरतीकडे असताना, आणि सहा वर्षांच्या मुलाला गुडघ्याच्या वर पाणी लागणार नाही अशा बेताने. लाटा फुटत नाहीत तो पट्टा शांत वाटतो म्हणून मुले तिकडे वळतात. परंतु बहुधा तिथूनच पाणी आत ओढले जात असते. थोरल्या मुलाला एवढे सांगून ठेवा की ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे झुंजत न येता किनाऱ्याला समांतर पोहावे आणि हात वर करावा.

सुरूच्या बनात शेकोटी पेटवू नये. खाली पडलेल्या सुया उन्हाळ्यात इतक्या कोरड्या असतात की एक ठिणगी उडाली तरी आग वाऱ्याबरोबर पळते, आणि ही बने लावली गेली आहेत ती किनाऱ्याची वाळू धरून ठेवण्यासाठी आणि वारा अडवण्यासाठी. समुद्राकडे झगमगता दिवाही नको. आमच्या जिल्ह्यातील अनेक पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि हंगामाच्या शेवटी निघालेली पिले उजेडाच्या दिशेने चालतात. समुद्रावरचा उजेड सोडून ती तुमच्या दिव्याकडे वळली तर सकाळपर्यंत कावळ्याकुत्र्यांच्या तोंडी जातात. विजेरीवर लाल कागद लावा आणि ती जमिनीकडे धरा.

पुळणवेडा यांनी सांगितलेला एका रात्रीचा बेत मला मान्य आहे. मात्र तो देवबागच्या टोकाला न करता आचरा किंवा तोंडवळीच्या बाजूला, घरमालकाच्या कुंपणाच्या आतील जागेत करावा. तिथे गर्दी कमी आणि पुळण रुंद आहे, त्यामुळे पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाचे पाणीही तंबूपासून दूर राहते. आदल्या उधाणाने वाळूवर टाकलेली काटक्यांची आणि शेवाळाची रेघ शोधा आणि तंबू तिच्याही बराच मागे ठेवा.

प्रतिसाद : गडवाट (कुडाळ)

दोन बारीकसारीक गोष्टी राहिल्या होत्या. मालवण सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झाले असून त्याचा गाभा सिंधुदुर्ग आणि त्याच्या शेजारचा छोटा किल्ला पद्मगड यांच्याच भोवतीच्या पाण्यात आहे. पाण्याखालचे प्रवाळ पाहायला मुलांना नेणार असाल, तर पाय टेकवून उभे राहू नये आणि आठवण म्हणून तुकडा उचलू नये हे पाण्यात उतरण्यापूर्वीच बजावावे. प्रवाळ वाढायला अनेक वर्षे लागतात. आणि एखाद्या दुपारी उकाडा असह्य झाला तर आईंना घेऊन धामापूरला जा. मालवण-कुडाळ रस्त्यावरचा हा तलाव सोळाव्या शतकातला आहे, काठावर भगवतीचे मंदिर आहे आणि भोवतीच्या झाडीमुळे तिथे समुद्रकाठापेक्षा पुष्कळ गारवा असतो.

प्रतिसाद : वायरीकर (मालवण)

परतीच्या दिवशी तंबूंवर मिठाचा आणि वाळूचा थर बसलेला असेल आणि ते लगेच धुऊन काढावेत असे वाटेल, कारण मिठाने चेन अडकते आणि कापड विरते. तरीही ते इथे विहिरीवर धुऊ नका. चेनमधली वाळू कोरड्या ब्रशने झाडा, तंबू सैलसर गुंडाळा आणि सांगलीला पोचल्यावर त्याच दिवशी भरपूर पाण्यात बुडवून काढा. मे महिन्यात आमच्या विहिरीतून उपसलेली प्रत्येक बादली पुढच्या पाहुण्यांच्या पिण्याच्या पाण्यातूनच जात असते.